पायलट, एटीसीची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट देताय? या चुका टाळा

माझा आतेभाऊ इथलाच, इंदूरच्या रामबागेतला. एअरफोर्सच्या इंटरव्ह्यूत पाचही दिवस मस्त गेले, रेकमेंड झाला, घरी फोन करून पेढे आणायला सांगितले आणि मग शेवटी सीपीएसएसच्या, म्हणजे पायलटची क्षमता तपासणाऱ्या कॉम्प्युटर टेस्टच्या मशीनवर अडकला. ही टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते हो, फेल झालात की फ्लाइंग ब्रँच कायमची बंद, बाकीच्या ब्रँच उघड्या राहतात पण पायलट नाही. म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, की "रेकमेंड झालो ना, आता काय" म्हणून सैल पडायचं.

स्क्रीनवर एक ठिपका असतो, तो चौकोनात धरून ठेवायचा, त्यासाठी हाताला जॉयस्टिक आणि पायाला पेडल, आणि हे चालू असतानाच मधेच लाइट लागतात, आवाज येतो, ते लिव्हरनी बंद करायचे. भाऊ सांगतो, ठिपका जरा सरकला की तो जॉयस्टिक जोरात खेचायचा, ठिपका पार पलीकडे, मग परत उलटा झटका, घामानं हात घसरायला लागला आणि या सगळ्यात लाल लाइट किती वेळ लागलेला होता ते त्याला कळलंच नाही. तर झटके देऊ नका. थोडंसं हलवा, ठिपक्याला यायला वेळ द्या, तो किंचित बाहेर असला तरी चालेल पण लाइट सुटता कामा नये, कारण एकाच वेळी तीन गोष्टींवर लक्ष राहतं का तेच तिथं बघतात. मोबाइलवर गेम खेळून याची तयारी होते असं मला तरी वाटत नाही, त्यात पाय कुठे असतात?

याच टेस्टच्या डायल वाचायच्या भागात कुठला काटा काय दाखवतो ते आधी समजावून सांगतात, तेव्हा इकडेतिकडे बघू नका. आणि पायाची लांबी घरीच मोजून जा, 99 ते 120 सेंटीमीटर लागते.

एअरपोर्ट अथॉरिटीच्या एटीसी, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या भरतीत लेखी परीक्षेनंतर व्हॉइस टेस्ट आणि सायकॉलॉजिकल असेसमेंट असते, नशेच्या पदार्थांची तपासणी पण असते. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते तपासणीत दिसू शकतं, त्यामुळे घेतलं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि आधीच सांगा. स्वभावाच्या प्रश्नांत "मला कधीच राग येत नाही" वगैरे लिहू नका, तोच प्रश्न फिरवून पुन्हा येतो आणि उत्तरं जुळत नाहीत.

माझी धाकटी बहीण आता एटीसीची तयारी करतेय. रोज संध्याकाळी गच्चीवर चमच्यात लिंबू घेऊन चालते आणि मी तिला पाढे विचारते, एकोणीस सत्ते किती, तेवीस चोक किती. लिंबू पडलं की ती लगेच थांबायची. आता पडलं तरी आधी उत्तर देते, मग वाकते.