लाइफटाइम चुकतोय? स्पॅड कॅमेऱ्यावर फ्लिम करताना या चुका टाळा

स्पॅड कॅमेरा म्हणजे एकेक फोटॉन टिपणारा कॅमेरा. लेसरच्या पल्सनंतर रेणू सरासरी किती वेळाने प्रकाश सोडतो, तो त्याचा फ्लोरेसन्स लाइफटाइम; त्याचा नकाशा काढणं म्हणजे फ्लिम. हा आकडा चुकला, की बहुतेक जण फिटिंगचं सॉफ्टवेअर बदलून पाहतात. चूक बहुधा त्याआधीच शिरलेली असते. दोन गोष्टी आधी तपासा. आकडा कमी येतोय की जास्त? आणि सेन्सर काय नोंदवतो: फोटॉन नेमका कधी आला ते, की गेट (मोजणीची ठरावीक छोटी वेळ) उघडं असताना आला का, एवढंच? निम्मं निदान इथेच होतं.

तपासणीसाठी फ्लुरोसीन वापरा: ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १ ते १० मायक्रोमोलर. लाइफटाइम सुमारे ४ नॅनोसेकंद यायला हवा. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवू नका. सामू उतरला की रेणूचं रूप बदलतं आणि आकडा ३ च्या दिशेने घसरतो. द्रावण दाट असेल तर रेणू एकमेकांचाच प्रकाश शोषतात, म्हणून तेही नको. लेसर ४० मेगाहर्ट्झचा असेल तर फेझर आलेखात (यात लाइफटाइम ठिपक्याने दाखवतात आणि एकच लाइफटाइम असेल तर ठिपका एका अर्धवर्तुळावर पडतो) या द्रावणाचा ठिपका अर्धवर्तुळाच्या अगदी माथ्यावर पडतो. एवढं जुळल्याशिवाय पेशींकडे वळू नये.

जास्त उजेडाचे दोन उलटे परिणाम

सर्वात जास्त घोळ इथे होतो. वेळ नोंदवणाऱ्या सेन्सरमध्ये, म्हणजे ज्याच्या पिक्सेलला टीडीसी (फोटॉनची आगमनवेळ मोजणारं सर्किट) जोडलेला असतो त्यात, एका पल्समागे पहिलाच फोटॉन मोजला जातो. उजेड वाढला की उशिरा येणारे फोटॉन गळतात आणि लाइफटाइम खरा असतो त्याहून कमी दिसतो. यालाच पाइल-अप म्हणतात. काउंट रेट पल्सच्या १ टक्क्याच्या आसपास ठेवा, ५ टक्क्यांच्या वर तर नकोच. २० मेगाहर्ट्झच्या लेसरला १ टक्का म्हणजे सेकंदाला २ लाख काउंट. एकच टीडीसी अनेक पिक्सेलमध्ये वाटलेला असेल, तर ही मर्यादा त्या सगळ्यांच्या बेरजेला लागू होते. हे विसरलं जातं आणि मग फक्त उजळ भागातला लाइफटाइम कमी का, याचं जीवशास्त्रीय कारण शोधलं जातं.

गेटवाल्या एक-बिट सेन्सरमध्ये नेमकं उलटं घडतं. लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात घडलेला ५१२ × ५१२ पिक्सेलचा स्विसस्पॅड२ हा याच जातीचा. इथे एका फ्रेममध्ये पिक्सेल ० किंवा १ एवढंच सांगतो. दोन फोटॉन आले तरी नोंद एकच. पल्सनंतर लगेचच्या, म्हणजे शिखराजवळच्या गेटमध्ये फोटॉन जास्त, म्हणून तिथली मोजणी दबते. उशिराची, शेपटीतली दबत नाही. उतार सपाट होतो आणि लाइफटाइम जास्त दिसतो.

ही चूक गणिताने सुधारता येते. भरलेल्या फ्रेमचा एकूण फ्रेमशी असलेला वाटा १ मधून वजा करा, उरलेल्याचा नैसर्गिक लॉग घ्या, चिन्ह उलटं करा आणि एकूण फ्रेमनी गुणा. २५५ पैकी ५१ फ्रेम भरल्या असतील तर खरी मोजणी ५७. १२७ भरल्या असतील तर सुमारे १७६. सर्वात उजळ गेटसुद्धा निम्म्याच्या आत राहील एवढाच उजेड द्या, कारण पिक्सेल जवळजवळ भरला की दुरुस्तीतून फक्त नॉइज फुगतो. क्रमही महत्त्वाचा: आधी ही दुरुस्ती, मग डार्क काउंटची (प्रकाश नसतानाही होणाऱ्या नोंदींची) वजाबाकी. अंधारात घेतलेल्या डार्क फ्रेमलाही हीच दुरुस्ती लावायची.

डार्क काउंट आणि तापमान

डार्क काउंट सगळ्या वेळेत सारखे पसरतात, त्यामुळे लाइफटाइम लांबतो. २५ नॅनोसेकंदांच्या खिडकीत फ्लुरोसीनचे आणि डार्कचे काउंट सारखे असतील, तर सरासरी आगमनवेळ ४ ऐवजी ८ च्या वर जाते. तापमान ८ ते १० अंशांनी वाढलं की डार्क काउंट साधारण दुप्पट होतात. म्हणून सेन्सर अर्धा तास चालू ठेवून स्थिर होऊ द्या आणि डार्क फ्रेम त्याच तापमानाला, त्याच एक्स्पोजरला घ्या. हॉट पिक्सेलच्या (ज्यात डार्क काउंट फारच जास्त, अशा पिक्सेलच्या) जागी शेजाऱ्यांची सरासरी भरणं तीव्रतेच्या चित्रात चालतं. लाइफटाइमच्या नकाशात ती जागा रिकामीच ठेवा.

एकाच आयआरएफने सगळं चित्र फिट करणं

एवढ्या रुंद चिपवर गेटचा सिग्नल सगळीकडे एकाच क्षणी पोचत नाही. एकसारखं द्रावण असूनही नकाशात डावीकडून उजवीकडे रंग बदलत गेला, तर दोष याचाच. आयआरएफ, म्हणजे क्षणिक प्रकाशाला यंत्रणेचा स्वतःचा प्रतिसाद, प्रत्येक पिक्सेलचा वेगळा घ्या. तो लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावर घेतला तर तरंगलांबी बदलते, आणि सिलिकॉनमध्ये तरंगलांबीनुसार शेपटीही बदलते. हिरव्या-पिवळ्या भागात काम असेल तर पाण्यातलं एरिथ्रोसिन बी घ्या. त्याचा लाइफटाइम ०.१ नॅनोसेकंदाहूनही कमी असतो.

आयआरएफमध्ये दुसरा उंचवटा दिसला, तर सेन्सरला दोष देण्याआधी पट्टी घ्या. प्रकाश हवेत नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर जातो. उंचवटा १ नॅनोसेकंद उशिरा असेल, तर दोन काचांमधल्या सुमारे १५ सेंटिमीटरच्या अंतरात परावर्तन होतंय. फिल्टर किंचित तिरका करून पाहा.

लेसरचा वेगही तपासा. ८० मेगाहर्ट्झला पल्समधलं अंतर १२.५ नॅनोसेकंद, तेवढ्यात ४ नॅनोसेकंदांच्या रंगद्रव्याचं ४ टक्क्यांहून जास्त उत्सर्जन पुढच्या पल्समध्ये शिरतं. ४० वर आणलं की हे ०.२ टक्के राहतं.

ब्लीचिंग

गेट एकेक पायरी पुढे सरकवताना नमुना विझत जातो आणि तो उतार लाइफटाइममध्ये मिसळतो. ८ नॅनोसेकंदांच्या स्कॅनमध्ये १० टक्के ब्लीच झालं, तर ४ चे सुमारे ३.८ होतात. एक स्कॅन पुढे आणि लगेच एक मागे घेऊन सरासरी काढा, किंवा पायऱ्यांचा क्रम यादृच्छिक ठेवा. दर १० पायऱ्यांनी पहिलाच गेट पुन्हा मोजला, तर किती विझलं तेही कळतं.