ग्रँड कॅन्यनमध्ये उतरायचंय? आधी परत वर कधी यायचं ते ठरवा

आम्ही ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहतो, त्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ग्रँड कॅन्यन बघायचंच असतं आणि मी तिथे किती वेळा गेलेय ते मोजणं केव्हाच सोडलंय. दर वेळी कोणीतरी 'भरपूर पाणी प्या, टोपी घाला' एवढाच सल्ला घेऊन येतं. तेवढ्याने अजिबात भागत नाही, आणि नुसतं पाणी पिण्याने तर माणूस आजारी पडतो, ते पुढे सांगतेच.

आधी रिम, म्हणजे दरीचा वरचा काठ. पहिल्यांदा जात असाल तर साउथ रिम, विषय संपला. काचेचा स्कायवॉक नॅशनल पार्कात नाही, तो पश्चिमेला हुआलापाई या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, तिथलं तिकीट वेगळं. आणि नॉर्थ रिम समोरच दिसतेय तर दुपारून जाऊन येऊ असं कोणी म्हणालं तर सांगा, पक्ष्याला १६ किलोमीटर, गाडीला साडेतीनशे.

महिना एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर. हिवाळ्यात दरीत उतरणाऱ्या वाटांच्या वरच्या भागात बर्फ घट्ट बसलेला असतो, बुटांना लावायचे स्पाइक्स लागतात. जुलै ते सप्टेंबर दुपारी विजा कडाडतात, ढग जमले की कड्यापासून लांब.

गाडी व्हिजिटर सेंटरला लावा, पार्कातली शटल बस फुकट आहे. साउथ कैबाब ट्रेल या दरीत उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी खासगी गाडी नेताच येत नाही. एक लक्षात ठेवा, ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही पण नावाहो लोकांच्या भागात करतात, त्यामुळे मॉन्युमेंट व्हॅलीकडून येत असाल तर मोबाइलची वेळ वाटेत एक तासाने बदलते.

आता मुख्य गोष्ट, खाली उतरणं. आपण गड चढतो तेव्हा दमलो की मागे फिरायचं, खाली उतारच असतो, घरंगळत का होईना गावात पोचतो. इथे सगळं उलटं आहे. आधी मस्त उतार, गार हवा, फोटो, आणि ज्या क्षणी पाय 'बस आता' म्हणतात त्या क्षणी अख्खा चढ समोर उभा. सह्याद्रीत वर्षानुवर्षं ट्रेक केलेली माणसं इथे फसताना मी पाहिलीत, कारण त्यांचा अंदाज चढून थकण्यावर बसलेला असतो. शिवाय साउथ रिम २,१०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच, तिथल्या विरळ हवेत शेवटचा चढ चढायचा असतो. आणि जुलैत वर दुपारी २९ अंश असेल तर खाली नदीजवळ ४१ असतं, उतराल तसं ऊन वाढत जातं.

माझा मामेभाऊ, राजगड-तोरणा एका दमात करणारा, जूनमध्ये आला होता. ब्राइट एंजल ट्रेलने आम्ही नऊला निघालो, दीड मैलावरच्या विश्रामगृहापासून परतायचं ठरलं होतं, पण त्याला जोर आला आणि आम्ही तीन मैलांपर्यंत गेलो. ती चूक माझीच, मी थांबवायला हवं होतं. तो सतत पाणी पीत होता पण भूक नाही म्हणून खात काहीच नव्हता. परतताना डोकं धरून बसला, मळमळ, बोटं इतकी सुजली की अंगठी फिरेना. आणि आम्ही काय केलं, तर त्याला आणखी पाणी पाजलं! खालून येणाऱ्या रेंजरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो 'खाल्लं काय?' त्यांनी पाणी बंद केलं, सावलीत बसवून खारे प्रेट्झेल चावायला लावले, शर्ट भिजवून अंगावर चढवला. दोन तासांनी तो उभा राहिला आणि ऊन उतरल्यावर आम्ही टॉर्च लावून वर आलो.

झालं असं की इथली हवा इतकी कोरडी की घाम निथळत नाही, आला तसा उडतो, मुंबईसारखा समजतच नाही, फक्त शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात. मीठ गेलं, वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. म्हणून चिवडा, खारे शेंगदाणे, चकली जे आवडेल ते, आणि भूक नसली तरी दर अर्ध्या-पाऊण तासाला मूठभर खायचंच. ओआरएसची पाकिटं भारतातूनच आणायला सांगते. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

वेळेबद्दल मी आता कोणाचं ऐकत नाही. उन्हाळ्यात उजाडतानाच उतरायला सुरुवात, दहाच्या आत वर. दहा ते चार चढायचं नाही असं पार्कवालेही सांगतात. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा, आणि वळायची वेळ वर असतानाच ठरवून सगळ्यांना सांगा, 'अजून एक वळण बघू' हे ऐकायचं नाही. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येणं कोणी कितीही सोपं सांगितलं तरी करू नका.

ट्रेकवाले 'कॉटन घालू नका' म्हणतात, तो सल्ला थंडीतला आहे. उन्हाळ्यात सुती शर्ट, नळ दिसला की भिजवायचा.

घरच्यांना घेऊन जायला साउथ कैबाबवरचा ऊ आ पॉइंट पुरे, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर, दम असेल तर सीडर रिज, जाऊन-येऊन पाचेक. या वाटेवर पाणी कुठेच नाही, सगळं पाठीवर. ब्राइट एंजलवर नळ आहेत पण पाइपलाइन फुटते, काही हिवाळ्यात बंद असतात, त्याच सकाळी विचारून घ्या.

खेचरं आली तर डोंगराच्या बाजूला सरकून गप्प उभं राहायचं. खारींना खाऊ घालू नका, चावतात. खाली नेटवर्क धरून चालू नका. आणि सूर्यास्ताला थांबणार असाल तर स्वेटर गाडीत ठेवू नका, सूर्य टेकला की दहा मिनिटांत हुडहुडी भरते आणि गाडी दोन शटल स्टॉप लांब असते.