लॉन लावण्याआधी लव्हाळा काढा

घरापुढे लॉन करायचं असेल तर गवत आणायची घाई नको. आधी लव्हाळ्याचा बंदोबस्त करा. एप्रिलमध्येच जमीन वीतभर खोल खणून उन्हात तापू द्या. मग पाणी मारा आणि दोन आठवडे थांबा. जे उगवेल ते खुरप्याने मुळासकट काढा. लव्हाळा नुसता ओढला तर पात हातात येते आणि हरभऱ्याएवढी काळी गाठ जमिनीतच राहते. तीच पुन्हा फुटते. गाठ हाती लागेपर्यंत खणा. हे पाणी मारणं आणि वेचणं दोनदा तरी कराच, कितीही कंटाळा आला तरी.

मग चांगलं कुजलेलं शेणखत चाळून मिसळा (कच्च्या खतातून तणाचं बी येतं) आणि घरापासून बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर टोचा, एक पेर मातीत, शेंडा वर. गवत 3 इंच झालं की पहिली कापणी, तीही वरच्या एक तृतीयांशाचीच. दिवसभर सावली असेल तिथे मात्र हरळी टिकत नाही. त्या कोपऱ्यात लॉनचा हट्ट धरू नका.