मलेरियानंतर थरावर चढण्याआधी प्लीहा बघा

मुंबईत मलेरिया आणि दहीहंडीचा सराव एकाच पावसात येतात. ताप उतरला की पोरगं दोन दिवसांत मैदानात हजर. पण ताप गेला म्हणून वाढलेली प्लीहा लगेच पूर्ववत होत नाही.

प्लीहा, म्हणजे पाणथरी, पोटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात नवव्या ते अकराव्या बरगडीआड असते. मोठ्या माणसात तिचं वजन साधारण 150 ते 200 ग्रॅम. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. म्हाताऱ्या झालेल्या पेशी प्लीहेच्या लाल गरात गाळून मोडीत निघतात. पांढऱ्या गरात जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. शरीरातल्या जवळपास एक तृतीयांश प्लेटलेट्सचा मुक्कामही इथेच. मलेरियाचे जंतू शिरलेल्या पेशी या गाळणीत अडकतात, प्लीहा फुगते, वरचं पातळ आवरण ताणलं जातं आणि ती बरगड्यांखालून बाहेर डोकावते. अशा वेळी कोपर बसलं तरी ती फाटू शकते.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘स्प्लीन’समोरची लांबी वाचा. मोठ्या माणसात 12-13 सेंटीमीटरपर्यंत ठीक. उंच माणसात थोडी जास्त चालते. डॉक्टर तपासताना उजव्या ओटीपोटापासून सुरुवात करून डाव्या बरगडीकडे येतात आणि दीर्घ श्वास घ्यायला लावतात. थेट बरगडीखालीच हात ठेवला तर फार वाढलेल्या प्लीहेची कडा हुकते. थोडी वाढलेली प्लीहा हाताला लागतही नाही, म्हणून ‘हाताला काही लागलं नाही’ एवढ्यावर निभावू नका. घरी पोट दाबून बघणं तर नकोच.

गोळ्यांचा कोर्स पुरा करा. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियात यकृतात दडलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन हे औषध साधारण 14 दिवस असतं. जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा. थर, कबड्डी, जिमची वजनं बंद. खालच्या थरात उभं राहतो, ही पळवाट चालणार नाही; वरचे पडतात ते त्याच्यावरच. परत कधी चढायचं ते तारखेवर ठरवू नका, पुन्हा सोनोग्राफी करून डॉक्टर ठरवतील.

पडल्यावर किंवा मार लागल्यावर डाव्या बरगडीखाली दुखलं, डाव्या खांद्याच्या टोकाला कळ आली, घेरी, थंड घाम, जलद नाडी असं काही झालं तर 108 ला फोन करा. पोटातल्या रक्ताने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, चाळवतं आणि त्याचे व खांद्याचे मज्जातंतू एकाच वाटेचे असल्याने दुखणं खांद्यात जाणवतं. तिथे बाम चोळत बसू नका. काही खायला-प्यायला देऊ नका. मार लागल्यावर काही दिवसांनीही रक्तस्राव सुरू होऊ शकतो, म्हणून जुनं पडणंही सांगा आणि ‘नुकताच मलेरिया झाला होता’ हे कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात सांगा.

प्लीहा काढावीच लागली तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या जंतूंविरुद्धच्या लसी लागतात. तातडीच्या ऑपरेशननंतर त्या बहुधा 14 दिवसांनी देतात. पुढे आयुष्यभर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठायचं.