रस्ते अपघातातली नुकसानभरपाई: दावा कसा उभा करावा

जखमी माणसाला कॅज्युअल्टीत आणलं की केसपेपर लिहिणारा विचारतो, "काय झालं?" घाबरलेला नातेवाईक सांगून जातो, "गाडीवरून पडला." कागदावर तेच उतरतं. मागून टेम्पोने दिलेली धडक त्या ओळीत कुठेच नसते. पुढे दावा चालू झाल्यावर विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत तोच कागद पुढे करतात आणि विचारतात, मग टेम्पो आला कुठून?

म्हणून दाव्याची सुरुवात दवाखान्यातच होते असं समजा. कोणत्या गाडीने, कुठे, किती वाजता आणि कशी धडक दिली हे नीट सांगा आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्या. उपचारांच्या पैशांसाठी थांबू नका. 2025 पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. तिच्यात ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातानंतरचे 7 दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च बसतो.

पोलिसांकडचे कागद

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घ्याच. पोलीस ठाण्यात तक्रार घेत नसतील तर ती लेखी करून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. घरचा माणूस आयसीयूत असताना फिर्याद द्यायला उशीर झाला, तरी तेवढ्याने दावा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे. फक्त उशिराचं कारण जबाबात यायला हवं.

स्पॉट पंचनामा होताना घरचं कोणीतरी तिथे असलेलं बरं. गाडी कोणत्या बाजूला होती, ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या, या नोंदींवरून चूक कोणाची हे ठरतं. जवळच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर ते फुटेज ताब्यात घ्यावं असा लेखी अर्ज त्याच दिवशी पोलिसांना द्या. जुन्या चित्रणावर नवं चढत जातं, ते फार दिवस टिकत नाही.

एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे भरपाईचा निकाल देणाऱ्या न्यायालयाकडे, आणि विमा कंपनीकडे जातो. तो गेला की नाही याची चौकशी करत राहा, पण त्याच्या भरवशावर स्वतःचा अर्ज थांबवू नका.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर वाट वेगळी आहे. तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे 'हिट अँड रन' योजनेचा अर्ज करायचा. मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात.

दोन कलमं

मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, रक्कम ठरलेली आहे. कलम 166 मध्ये समोरच्याची हलगर्जी दाखवावी लागते, पण भरपाई प्रत्यक्ष नुकसानीएवढी मागता येते. पुरावा असेल तर माझा कौल 166 लाच आहे. इथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, तुमचं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं पटवून द्यावं लागतं. त्यामुळे ड्रायव्हर फौजदारीत सुटला म्हणून भरपाईची आशा सोडू नका. "मोटारसायकलवर तिघे होते, चूक तुमचीच" हेही मुकाट्याने ऐकून घेऊ नका. तिघे बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे समोरच्याने दाखवावं लागतं.

रक्कम कशी ठरते

लोक दवाखान्याची बिलं जिवापाड जपतात आणि कमाईचा पुरावा मात्र विसरतात. खरी मोठी रक्कम तिथेच असते.

समजा 34 वर्षांचा शिंपी आहे, महिना 15 हजार कमावणारा. अपघातात उजव्या हाताची पकड गेली. वर्षाची कमाई 1,80,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरायचे, म्हणजे 2,52,000. वर्षाची कमाई किती पट धरायची हे वयावरून ठरतं, त्याला गुणक म्हणतात. या वयाला गुणक 16, गुणाकार 40,32,000. आता प्रमाणपत्रावर 20 टक्के अपंगत्व असेल आणि तेवढंच धरलं, तर भरपाई 8,06,400 होते. पण कात्री धरता न येणाऱ्या शिंप्याची कमाई 20 टक्क्यांनी घटते का? न्यायाधिकरणाला ती 60 टक्के घटल्याचं पटलं, तर हाच आकडा 24,19,200 होतो. शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सांगितलं. तोच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी आणि पगार टिकू शकतो, सुताराचा धंदा मात्र बसतो.

तेव्हा पावतीपुस्तक, बँकेचं पासबुक, यूपीआयच्या नोंदी, शॉप ॲक्टचा परवाना, नेहमीच्या गिऱ्हाइकांची साक्ष, सगळं जमवा. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवा आणि "हा माणूस हे काम करू शकेल का?" हा प्रश्न त्यांना विचारला जाईल हे वकिलांकडून पक्कं करून घ्या. नुसतं प्रमाणपत्र जोडून भागत नाही. उपचारांचा खर्च, बुडालेले दिवस, सोबत राहणाऱ्याचा खर्च, वेदना, पुढची शस्त्रक्रिया यांची मागणी वेगळी करायची.

मृत्यूच्या दाव्यात गुणाकाराआधी मृताचा स्वतःचा खर्च वजा होतो. विवाहित असून दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश. आणि घर सांभाळणारी बाई गेली तर "ती कुठे कमवत होती?" हा प्रश्न कोणाला विचारू देऊ नका. तिच्या कामाचं मोल उत्पन्न म्हणून धरावंच लागतं.

अर्ज

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयात बसतं. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा सामनेवाला राहतो तिथे अर्ज करता येतो. अपघात पुण्यात झाला आणि घर लातूरला, तर लातूरला करा. तारखांचा प्रवास वाचेल. ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले करा. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी तुम्ही सहा महिनेच धरून चाला.

तडजोडीचा कागद

गाडीमालकाचा माणूस वॉर्डात येतो. 50 हजार रोख, एक स्टॅम्प पेपर, "आपसात मिटवू". रुग्ण अजून भुलीच्या गुंगीत असतो. त्या कागदावर सही करू नका. हाड जुळेल की नाही हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. विमा कंपनीने तडजोडीची लेखी रक्कम सांगितली किंवा प्रकरण लोकअदालतीत गेलं, तर वरचा गुणाकार स्वतः करून पाहा, मगच हो म्हणा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळतं, ते निकालात लिहिलं आहे का, हे प्रत हातात पडल्यावर लगेच पाहा.