शिक्षण संपत आलंय. जोडीदाराचं कॅनडाचं वर्क परमिट कसं काढायचं?

तासगाव, विटा, पलूस या भागातून कॅनडाला शिकायला गेलेल्या मुलामुलींची लग्नं बहुतेक सुट्टीतल्या दोन-तीन आठवड्यांत उरकतात. एक जण परत जातो आणि मागे राहिलेल्याला येणारा-जाणारा एकच विचारतो, "व्हिसा आला का?" अशा घरांत पहिला उद्योग सुरू होतो तो कागद गोळा करण्याचा. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी तारखा मांडा. जोडीदाराचं ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही कंपनीत काम करायची परवानगी, तुमच्या स्वतःच्या परमिटच्या आधाराने मिळतं आणि पदवी पूर्ण होताच तो आधारच बदलतो.

पदवीआधी की पदवीनंतर?

२१ जानेवारी २०२५ पासून कॅनडाचे नियम कडक झाले. विद्यार्थी म्हणून जोडीदाराला बोलवायचं असेल, तर तुमचा कोर्स किमान १६ महिन्यांचा मास्टर्स, पीएच.डी. किंवा नर्सिंग, इंजिनिअरिंग, वैद्यकीय, कायदा अशा ठरावीक व्यावसायिक पदव्यांपैकी हवा. दोन वर्षांचा कॉलेज डिप्लोमा यात बसत नाही. गावात कुणीतरी "आमच्या पोराने डिप्लोमावर सूनबाईला नेलं" असं सांगेल. ते जुन्या नियमातलं असणार, त्यावर हिशेब करू नका.

शिवाय तुम्ही प्रत्यक्ष शिकत असायला हवं. स्टडी परमिटवर पुढची तारीख छापलेली असली, तरी कोर्स पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांनी ते संपतं. वर्षभर शिक्षण बाकी असेल तर आत्ताच अर्ज करा. शेवटची टर्म अर्धी सरली असेल, तर या वाटेने जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. जोडीदाराला साधारण तुमच्या स्टडी परमिटच्या मुदतीपुरतंच परमिट मिळतं. फी भरून, बोटांच्या ठशांसाठी पुण्याच्या खेपा करून हातात काही महिने पडतात.

मग दुसरी वाट. तुमचं पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे शिक्षण झाल्यावर कॅनडात काम करायची परवानगी, आणि त्यावर मिळालेली नोकरी.

स्वतःचं परमिट आधी पक्कं करा

कोर्स पूर्ण झाल्याचं विद्यापीठाचं पत्र किंवा शेवटचं गुणपत्रक हातात आल्यापासून १८० दिवसांत या परमिटसाठी अर्ज करावा लागतो. एवढे दिवस थांबू नका. स्टडी परमिट चालू असतानाच अर्ज केला, तर सर्वसाधारणपणे निकाल येईपर्यंत पूर्णवेळ काम करता येतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून इंग्रजी किंवा फ्रेंचच्या परीक्षेचा निकालही जोडावा लागतो, तेव्हा ती परीक्षा शेवटच्या टर्ममध्येच उरकून घ्या.

यात पासपोर्टकडे हमखास दुर्लक्ष होतं. मास्टर्सवाल्याला तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं, पण पासपोर्टची मुदत जिथे संपते तिथेच परमिटही संपतं. आणि जोडीदाराने अर्ज करताना तुमच्या परमिटवर किमान १६ महिने शिल्लक असावे लागतात. म्हणजे ३६ महिन्यांचं परमिट मिळालं, तर पहिल्या २० महिन्यांत अर्ज व्हायला हवा. पासपोर्टपायी ते दोनच वर्षांचं झालं, तर हाताशी जेमतेम आठ महिने राहतात. पासपोर्टची मुदत कमी उरली असेल, तर परमिटचा अर्ज करण्याआधी तो नवा करून घ्या.

नोकरी कुठली, हे आकड्यात बघा

कॅनडात प्रत्येक कामाला पाच आकडी कोड आहे. त्यातला दुसरा आकडा कामाची श्रेणी सांगतो. सॉफ्टवेअर इंजिनिअरचा कोड २१२३१, म्हणजे श्रेणी १. श्रेणी ० आणि १ मधल्या नोकरीवर जोडीदाराला अर्ज करता येतो. श्रेणी २ आणि ३ मधली फक्त निवडक कामं चालतात. त्यात आरोग्य, शिक्षण, बांधकाम, विज्ञान-तंत्रज्ञान अशी क्षेत्रं येतात. रेस्टॉरंटमधल्या सुपरवायझरचा कोड ६२०२० आहे. श्रेणी २, पण क्षेत्र यादीतलं नाही, म्हणून जोडीदाराला त्याचा उपयोग नाही. पगार चांगला आहे म्हणून अशा नोकरीत रमलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

कोड नुसत्या हुद्द्यावर ठरत नाही, रोजच्या कामावर ठरतो. कंपनीकडून पत्र घ्याल त्यात हुद्दा, कामाचं स्वरूप, पगार, आठवड्याचे तास आणि रुजू झाल्याची तारीख असू द्या. सोबत अलीकडच्या पगाराच्या स्लिपा.

जोडीदार आधीच कॅनडात असेल, तर त्याचं परमिट संपण्यापूर्वी नव्या आधारावर मुदतवाढ मागा. वेळेत अर्ज गेला तर निकालापर्यंत त्याला काम चालू ठेवता येतं. म्हणूनच नोकरी शोधायला पदवीची वाट पाहू नका, शेवटच्या टर्ममध्येच लागा.

आता इकडचे कागद

लग्नाची नोंद सांगली, मिरज किंवा कुपवाडला झाली असेल तर महापालिकेत, गावात झाली असेल तर ग्रामपंचायतीत. दोघांची ओळखपत्रं, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. मुलगा किंवा मुलगी परत जायच्या आत हे उरका, कारण सहीसाठी दोघंही हवेत. नोंद ९० दिवसांत करायची असते.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून स्पेलिंग तपासा. आपल्याकडे नावात वडिलांचं नाव, मग नवऱ्याचं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव अशी सरमिसळ होते. प्रमाणपत्रावरचं लग्नाआधीचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. सुनेने सासरचं आडनाव लावलंच पाहिजे असं कॅनडा सरकार म्हणत नाही. घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी अर्ज चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदलू नका. कागद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडा.

लग्न खरं आहे, हे अधिकाऱ्याला फक्त कागदांवरून पटवायचं असतं. ठरवून झालेलं आणि आठवडाभरात उरकलेलं लग्न तिकडच्या माणसाला घाईचं वाटू शकतं. स्थळ कुणी सुचवलं, बघण्याचा कार्यक्रम कधी झाला, साखरपुडा कुठे झाला, हे साध्या इंग्रजीत पानभर लिहा. स्टुडिओतले पोझ दिलेले फोटो कमी, हळदीचे आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांसोबतचे जास्त. कॉलच्या नोंदी, येण्याजाण्याची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे हेही जोडा. हे पत्र स्वतःच लिहा. एजंटकडच्या छापील मजकुरात तुमचं लग्न कुठेच दिसत नाही.

एजंट घ्यायचाच असेल तर परवानाधारक आहे का ते बघा. कॅनडाच्या नियामक संस्थेच्या वेबसाइटवर नाव टाकून तपासता येतं. खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षांची बंदी येते आणि ती अर्जदारावर येते, एजंटवर नाही.

अर्ज, पुणे, विमानतळ

अर्ज ऑनलाइन. जोडीदार भारतात असेल तर फॉर्म आयएमएम १२९५. फी १५५ डॉलर, ओपन परमिटचे आणखी १०० आणि बायोमेट्रिकचे ८५, मिळून ३४० कॅनेडियन डॉलर. बायोमेट्रिकचं पत्र आलं की ३० दिवसांत पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे देऊन यायचं. सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. कराड-सातारा मार्गावरच्या वाहतुकीचा भरवसा धरू नका. वैद्यकीय तपासणी कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच चालते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही.

मंजुरी आली म्हणजे परमिट आलं असं नाही. पासपोर्टवर व्हिसा लागतो, सोबत एक पत्र मिळतं आणि खरं परमिट कॅनडाच्या विमानतळावरचा अधिकारी छापून देतो. ते घेऊन काउंटरवरून हलण्याआधी नाव, संपण्याची तारीख आणि खालच्या अटी वाचा. काही परमिटांवर आरोग्यसेवा, बालसंगोपन आणि शाळेत शिकवणं यांना मनाई छापलेली असते. तुमची पत्नी मिरजेच्या हॉस्पिटलात नर्स असेल किंवा पती शाळेत शिक्षक असेल, तर ती एक ओळ फार महत्त्वाची. वैद्यकीय तपासणी झाली असूनही ती ओळ दिसली, तर तपासणीचा कागद दाखवून तिथेच दुरुस्ती मागा. तो कागद म्हणूनच हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या सामानात नाही.