जुनी एमएक्स-५ घेताय? बोनेट उघडण्याआधी गाडीखाली बघा

वापरलेली स्पोर्ट्स कार बघायला गेलं की बहुतेकांचा हात आधी बोनेटकडे जातो. माझदा एमएक्स-५ या उघडत्या टपाच्या गाडीच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. तिचं इंजिन साधं आणि चिवट आहे. तेल-पाणी वेळेवर मिळालं तर ते लाखभर मैल कुरकुरत नाही. ही गाडी संपते ती गंजाने. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, ते पत्र्याच्या सांध्यांत शिरतं, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी आतून पोखरलेली निघते. वरून कीर्तन, आतून तमाशा. तिकडे राहणाऱ्या आणि उन्हाळ्यापुरती का होईना, टप उघडून फिरायची हौस असणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी पिढी ठरवा

१९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दिसली. उघडमीट होणाऱ्या हेडलाइटवाली ती पहिली पिढी १९९७पर्यंत चालली. दुसरी १९९८ ते २००५, तिसरी २००५ ते २०१५. प्रेमात पडायचं तर पहिली. पण लंडनमध्ये राहत असाल तर हिशेब वेगळा आहे. ऑगस्ट २०२३पासून प्रदूषण शुल्काचा पट्टा लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रभागांमध्ये, लागू झाला. पेट्रोल गाडी युरो ४ या धुराच्या मानकात बसत नसेल, तर ज्या दिवशी ती रस्त्यावर येईल त्या दिवसाचे साडेबारा पौंड भरावे लागतात. पहिल्या पिढीच्या गाड्या यात अडकतात, दुसरीतल्या काही सुटतात. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला की लगेच कळतं. माझं मत विचाराल तर लंडनकराने सरळ तिसरी पिढी घ्यावी.

'युनोस रोडस्टर' अशी पाटी दिसली तर ती जपानहून आणलेली गाडी. त्यात वाईट काही नाही, पण तिचा मीटर मुळात किलोमीटरचा असतो. पुढे जुन्या नोंदी वाचताना मैल आणि किलोमीटर यांची गल्लत होऊ देऊ नका. विम्याची चौकशीही आधीच करा.

घरबसल्या एमओटीचा इतिहास वाचा

एमओटी म्हणजे ब्रिटनमधली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की २००५पासूनच्या एमओटी चाचण्या फुकट दिसतात: मीटरचे आकडे, कशात नापास झाली, आणि पास करतानाही टेस्टरने दिलेल्या सूचना. या सूचनांतच खरी गोष्ट असते. समजा, एका वर्षी 'मागची सिल (दाराखालची पोकळ पट्टी) गंजू लागली आहे' अशी सूचना आहे आणि पुढच्या वर्षी ती गायब. गंज आपोआप बरा होत नाही. तेव्हा एक तर वेल्डिंग झालंय, किंवा कोणीतरी वर काळा रंग फासलाय. विक्रेत्याला फोन करून वेल्डिंगचं बिल मागा. बिल आणि काम चालू असतानाचे फोटो असतील तर तो माणूस भेटायच्या लायकीचा.

फोनवरच आणखी एक सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन गार असताना सुरू होताना बघायचंय.

आणि नुकतीच एमओटी पास झाली म्हणजे गाडी ठणठणीत, असं समजू नका. टेस्टर गाडीचा कुठलाही भाग उघडून बघत नाही. जे दिसतं तेवढंच तो तपासतो.

आता गाडीखाली

बरोबर टॉर्च, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, पाण्याची बाटली आणि अंथरायला जुनी चादर न्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जाऊ नका. शक्य असेल तर जवळच्या गॅरेजवाल्याला थोडे पैसे देऊन गाडी रॅम्पवर चढवून घ्या. हा खर्च वाया जात नाही.

दोन्ही दारांच्या खाली पुढून मागे जाणारी लांब पोकळ पट्टी म्हणजे सिल. गाडीला छप्पर नसल्यामुळे तिचा बराचसा कणखरपणा या पट्ट्यांवर असतो. गंज धरतो तो सिलच्या मागच्या टोकाला, मागच्या चाकाच्या अगदी पुढे. तिथे बोट आतल्या कडेवरून फिरवा. गुळगुळीत पत्रा हवा. फुगीर, खरबरीत लागलं किंवा रंगाची खपली बोटाला आली, तर थांबा. मग चुंबक लावा. दाराखाली मध्यभागी घट्ट चिकटणारं चुंबक मागच्या टोकाला घसरायला लागलं, तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. शेवटी बोटांच्या पेरांनी सगळीकडे टकटक करा. धडधाकट पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, पुट्टीचा बद्द.

दुरुस्ती झालेली असेल तर ती कशी झालीय ते बघा. गंजका भाग कापून नवा पत्रा सलग वेल्डिंगने जोडला असेल तर उत्तम. जुन्या गंजावरच ठिगळ मारलं असेल, तर ते आतून पुन्हा सडणार.

दुसऱ्या पिढीचं दुखणं आणखी पुढे आहे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या बंपरकडे जाणाऱ्या चासीच्या पेट्या दुपदरी असतात. पाणी आणि मीठ दोन पदरांच्या मध्ये साचतं आणि पेटी आतून बाहेर गंजते. बाहेर फोड दिसेपर्यंत आत फारसं काही उरलेलं नसतं. पुढच्या चाकामागून टॉर्च मारून पेटीची खालची बाजू बघा. पत्रा लाटेसारखा फुगलेला असेल किंवा काळ्या सीलरचा ताजा, जाड थर दिसला, तर किंमत पाडण्याच्या भानगडीतही पडू नका. ही दुरुस्ती स्वस्तातल्या गाडीच्या किमतीला भिडू शकते.

तिसऱ्या पिढीत मागच्या चाकांच्या कमानी आणि सिलची मागची टोकं बघा.

टप आणि पाणी

सिल का सडते याचं उत्तर वर, टपात आहे. कापडी टपावरचं पावसाचं पाणी मागच्या कडेच्या पन्हळीतून सीटबेल्टच्या खांबांजवळ येतं आणि तिथल्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली पडतं. नळीत पाला-माती अडकली की पाणी तुंबतं आणि बाजूच्या पत्र्यात मुरतं. तपासणी सोपी आहे. टप अर्धा उघडा, बाटलीतलं पाणी एका बाजूच्या नळीच्या तोंडाशी हळूहळू ओता आणि मित्राला खाली बघायला सांगा. धार लगेच पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल किंवा पाणी वरच थांबलं, तर ही गाडी किती पावसाळे तशीच उभी होती कोण जाणे. दुसऱ्या बाजूलाही तेच करा.

मग सीटमागचा गालिचा हाताने दाबून ओल लागते का बघा, डिकीतलं अस्तर उचलून बघा. पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी डिकीत असते, तेव्हा तिच्याखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला नाही ना, हेही बघून घ्या. पहिल्या पिढीची मागची खिडकी प्लॅस्टिकची आहे. टप खाली करण्याआधी तिची चेन उघडायची असते. विक्रेता चेन न उघडताच टप दणकन मागे टाकत असेल, तर गाडी त्याने कशी वापरली ते कळलंच.

इंजिन, थोडक्यात

बोनेटवर हात ठेवा. गार असलं पाहिजे. सुरू केल्यावर टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणारे भाग) थोडा वेळ वाजले तर घाबरू नका. या इंजिनाची ती खोड आहे आणि बरेचदा तेल बदलल्यावर आवाज कमी होतो. निळा धूर मात्र नको. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळीची तपकिरी पडली असेल, तर तिचे दिवस भरत आलेत.

पहिल्या दोन पिढ्यांचा टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो, बिल मागा. तिसऱ्या पिढीत बेल्टऐवजी चेन आहे. १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक आखूड होतं आणि ते सैल होऊन खराब व्हायचं. पुढच्या पुलीला चार खाचा असतील तर ते जुनं इंजिन, आठ असतील तर सुधारलेलं.

चालवताना

दुसरा गिअर गार असताना थोडा कुरकुरत पडतो आणि गाडी तापल्यावर लोण्यासारखा पडतो, तर चालेल. तापल्यावरही कुरकुरला तर नाही. क्लच पेडल मऊ लागत असेल, तर खालचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) गळत असणार. तो स्वस्तात बदलतो, पण किंमत कमी करून घ्यायला चांगलं निमित्त आहे. चढावर हँडब्रेक ओढून बघा. मागच्या ब्रेकचे कॅलिपर अडकणं नेहमीचंच. खराब रस्त्यावर डॅशबोर्ड थरथरतो, तो छप्पर नसल्याचा परिणाम आहे. टायर मात्र बघा: बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. उन्हाळ्यातच बाहेर पडणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात.

कागद आणि पैसे

व्ही५सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हा मालकीचा पुरावा नाही. तसं त्यावरच छापलेलं असतं. त्यावर नाव असतं ते नोंदणीकृत वापरकर्त्याचं. तेव्हा गाडीवर कर्ज बाकी आहे का, याची सशुल्क तपासणी करून घ्या, आणि व्ही५सीवरच्याच पत्त्यावर जाऊन व्यवहार करा. पार्किंगमध्ये भेटू म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

पुढेमागे गाडी घेऊन पुण्याला परतायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. व्हिंटेज गाड्यांचा अपवाद वगळता, तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आणू देत नाहीत.

सौदा ठरला की आधी विमा घ्या, मग पैसे बँकेतून वळते करा, आणि विक्रेत्याला तुमच्यासमोरच डीव्हीएलएच्या (ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याच्या) साइटवर नाव बदलायला लावा. व्ही५सीवरचा हिरवा तुकडा तुमच्याकडे ठेवा. त्यावरचा नंबर वापरून रोड टॅक्स तिथेच उभ्या उभ्या भरा, कारण ऑक्टोबर २०१४पासून जुन्या मालकाचा टॅक्स गाडीबरोबर येत नाही.